रिकाम्या टाकीतले वीस दिवस

आमच्या पुण्याच्या घरी पहिला फिशटँक आला तेव्हा मी सातवीत होतो. दोन फुटी टाकी, निळी खडी, हवेचा पंप, कोपऱ्यात बसवायचा स्पंज फिल्टर आणि चार गोल्डफिश. सगळं एकाच दुकानातून, एकाच संध्याकाळी आणलेलं. चौथ्या दिवशी सकाळी चारही मासे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "पाणी खराब झालंय, सगळं धुवून काढा." आम्ही खडी नळाखाली रगडून धुतली, स्पंज पिळून पिळून स्वच्छ केला, नवं पाणी भरलं, नवे मासे आणले. आठवड्याच्या आत पुन्हा तेच. पाणी दोन्ही वेळा अगदी नितळ होतं.

तो सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो नेमका उलटा आहे. मासा खाल्लेल्या प्रथिनांतला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. काही सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात शिरलं की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि रक्त तपकिरी पडतं. दुसरे काही सूक्ष्मजीव त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे त्यामानाने सौम्य, थोडंथोडं पाणी बदलून आणि वनस्पती लावून आटोक्यात राहणारं. खडीवर, काचेवर, स्पंजच्या छिद्रांत या मंडळींची वस्ती झाली की टाकी मुरली. तोवर चार ते सहा आठवडे जातात. आम्ही नळाखाली धुवून टाकली ती हीच वस्ती होती, नुकती कुठे धरू लागलेली.

ही गोष्ट शौकिनांपर्यंत पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली. ज्ञान नव्हतं असं नाही. ते शेतात आणि गटारात पडून होतं.

सुरुवात लंडनमधली आहे. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि काचेची भांडी स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण ५५ लिटरच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप ठेवलं. (बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यावरच्या परागीभवनाचं उदाहरण म्हणून भेटते, तीच ही वनस्पती.) मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती प्राणवायू देते, दोघांचा हिशोब जुळला की पाणी बदलावं लागणार नाही, असा त्यांचा विचार. काही दिवसांनी रोपाची पानं पिवळी पडून सडू लागली, सगळीकडे बुळबुळीत थर चढला. मग वॉरिंग्टननी गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तीनच वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी 'फिश हाऊस' उघडलं आणि घराघरांत टाक्यांची लाट आली.

हिशोब सुंदर होता, पण अर्धाच. अमोनिया त्यात कुठेच नव्हता. वनस्पती थोडा अमोनिया शोषत होती आणि बाकीचं काम काचेवर, खड्यांवर चढलेल्या थरातले जीव करत असणार, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढची अनेक दशकं 'समतोल टाकी' म्हणजे मासे आणि वनस्पती एवढंच समीकरण राहिलं.

दुसरीकडे अमोनियाचं नायट्रेट होतं हे जगाला फार आधीपासून ठाऊक होतं, पण त्याचा संबंध माशांशी नव्हता, तोफांशी होता. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि सोरा म्हणजे नायट्रेटच. बिहारमधले नोनिया लोक गुरांचं मूत मुरलेली, जुन्या मातीच्या भिंतींच्या कडेची खारट माती खरवडून त्यातून सोरा काढत आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तो युरोपात नेत. फ्रान्समध्ये शेणखत, माती आणि चुन्याचे ढीग रचून त्यावर मूत्र शिंपडत, कित्येक महिने वाट बघत. वाट बघावी लागते एवढं सगळ्यांना माहीत होतं. काम कोण करतं हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं.

ते १८७७ मध्ये थेओफिल श्लोसिंग आणि आशिल म्युन्झ यांनी दाखवलं. या प्रयोगावर मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण नव्या फिशटँकचं सगळं गणित त्यात आहे. त्यांनी एका उभ्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडलं. अमोनिया जसाच्या तसा खालून बाहेर पडत राहिला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा, दोन आठवडे. सुमारे वीस दिवसांनी अचानक खालच्या पाण्यात नायट्रेट येऊ लागलं. अमोनियाचं नायट्रेट होणं ही नुसती रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा काम बंद पडलं. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ते आपोआप सुरू झालं नाही; ताज्या मातीचं पाणी ओतल्यावर झालं. म्हणजे आत कुणीतरी जिवंत होतं, त्याला वाढायला वीस दिवस लागले होते आणि मेल्यावर त्याचं विरजण पुन्हा लावावं लागलं.

हे वाचून कामाला लागलेल्यांपैकी एक होते इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रातले रॉबर्ट वॉरिंग्टन. नाव तेच, कारण हे त्या गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे आहेत, हे त्यांनी शोधून काढलं. बापाने टाकी बसवली, मुलाने टाकीचं रहस्य उकललं, पण मातीत. या दोन कामांची सांगड घालायला त्या घरात कुणाला सुचलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

ते जीव हाती येत नव्हते, कारण त्या काळी जिवाणू जिलेटिनवर वाढवायची पद्धत होती आणि हे जिवाणू तसल्या अन्नाला भुलत नाहीत. अमोनिया जाळून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधतात, तेही उजेडाशिवाय. १८९० मध्ये झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राडस्की यांनी सेंद्रिय अन्नाचा कणही नसलेल्या माध्यमात ते वाढवून दाखवले. नायट्रोसोमोनास (अमोनियाचं नायट्राइट करणारा) आणि नायट्रोबॅक्टर (नायट्राइटचं नायट्रेट करणारा) ही नावं तेव्हापासूनची. खाणं इतकं निकृष्ट असल्यामुळे त्यांची वाढ अतिशय सावकाश होते. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो; यांना कित्येक तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. टाकीतली दिरंगाई इथून येते.

मग गटारवाल्यांनी बाजी मारली. मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यात हवा फुंकली. पहिल्यांदा सगळ्या अमोनियाचं नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. त्यानंतर त्यांनी जे केलं ते आमच्या दुकानदाराच्या सल्ल्याच्या बरोबर उलट होतं. वरचं नितळ पाणी ओतून दिलं आणि तळाचा गाळ ठेवला. त्यावर नवं सांडपाणी घातलं. प्रत्येक खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. हे १९१४ साली प्रसिद्ध झालं. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आज आपल्या शहरांतल्या मैलापाणी केंद्रांत हाच जिवंत गाळ फिरत असतो.

शौकिनांकडे मात्र विसाव्या शतकात बराच काळ 'जुनं पाणी चांगलं' एवढी ठोकताळ्याची गोष्ट होती. ठोकताळा खरा, कारण चुकीचं. पाण्यात हे जीव थोडेच असतात, बहुतेक सगळे पृष्ठभागाला चिकटलेले. जपानी संशोधकांनी १९५० आणि ६० च्या दशकांत बंद टाक्यांतल्या वाळूच्या थरांचा अभ्यास केला. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांच्या पुस्तकाने नायट्रोजन चक्र मत्स्यालयं चालवणाऱ्यांच्या हाती दिलं. टाकी 'सायकल' करायची, म्हणजे मुरवायची, कल्पना रुजली, पण एकदोन चिवट मासे सोडून. त्यांनी अमोनियात पोळत दिवस काढायचे, जगले तर ठीक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मासे न सोडता बाटलीतला अमोनिया थेंबाथेंबाने घालून टाकी मुरवायची पद्धत पसरली. माझ्या मते या छंदातली ही सगळ्यात माणुसकीची सुधारणा.

शास्त्राची मजा पुढेच होती. १९९६ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि एडवर्ड डिलाँग यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या जनुकीय पद्धतीने तपासल्या, तर पुस्तकांतले नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर तिथे सापडेनात. नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरा नावाचा वेगळाच जिवाणू करतो हे १९९८ मध्ये कळलं. म्हणजे बाटल्यांवर नायट्रोबॅक्टरचं नाव छापून जे 'जिवाणू' विकले जात होते, त्यांचा मुळात पत्ताच चुकला होता. २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून अमोनिया खाणारा आर्किया मिळाला. हे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्याच कुळातले जीव. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाला गोड्या पाण्याच्या बहुतेक फिल्टरांत आर्कियाच वरचढ दिसले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा नायट्रोस्पायरा सापडला. हा शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी नेदरलँड्समधल्या गटाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरात मिळाला. वॉरिंग्टननी केलेली वाटणी सव्वाशे वर्षांनी थोडी सैल झाली.

टाकी मुरवताना आणखी दोन अडचणी येतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जीवांनाही मारतं, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब घातल्याशिवाय ते पाणी स्पंजवर जाऊ देऊ नये. आणि पाण्याचा पीएच जास्त असेल, तर अमोनिया अधिक जहरी होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर.

गेल्या पावसाळ्यात भाचीसाठी टाकी लावली. मित्राच्या तीन वर्षं जुन्या टाकीतला स्पंज पिशवीत, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणला आणि नव्या टाकीत पिळला. चहासारखं तपकिरी पाणी सगळीकडे पसरलं. भाची ओरडली, "मामा, घाण केलीस!" फिल्टर सुरू ठेवला, अमोनिया घातला आणि रोज संध्याकाळी ती स्वतः परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब मोजू लागली. पहिले काही दिवस अमोनियाची नळी गर्द हिरवी. मग ती पिवळटली आणि नायट्राइटची नळी जांभळी झाली, ती हटेचना. अकराव्या दिवशी हिरवाही नाही, जांभळाही नाही. एक नळी पिवळी, दुसरी आकाशी. तिने आणखी दोन दिवस थांबायचं ठरवलं, अमोनियाचा पुन्हा एक डोस घातला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी आणि आकाशी आली, आणि मगच आम्ही पहिले दोन मासे आणायला निघालो.