सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट

वेडेवाकडे दात ओळीत आणण्यासाठी दातावर चिकटवायचा, तार धरून ठेवायला स्वतःचेच सरकते झाकण किंवा क्लिप असलेला ब्रॅकेट, म्हणजे तारेसाठी खाच असलेला छोटा तुकडा. साध्या ब्रॅकेटमध्ये तार खाचेत बसवून वरून रबराची रिंग किंवा स्टीलची बारीक तार बांधतात. ही रिंग काही आठवड्यांत सैल पडते, तिच्याभोवती अन्नकण अडकतात आणि पारदर्शक असली तर हळदीच्या आमटीने पाहता पाहता पिवळी होते.

दात हलतो तो तारेमुळे. सुरुवातीला बहुधा ०.०१४ इंच जाडीची निकेल-टायटॅनियमची तार लावतात. वाकड्या दातापाशी ती वाकते आणि मूळ आकारात परतू पाहताना दाताला सोबत ओढते. मुळाभोवती जेमतेम ०.२ मिमी जाडीचा तंतूंचा थर असतो. त्यावर ज्या बाजूने दाब येतो तिथले हाड पेशी झिजवतात. ताण पडतो तिथे नवे हाड भरते. हे काम सावकाशच होते, म्हणून हलका आणि सतत जोर हवा.

दात ओळीत येऊ लागले की तारेला खाचेतून सरकावे लागते. रबर तिला तळाशी दाबून धरते, त्यामुळे घर्षण वाढते. ‘पॅसिव्ह’ प्रकारात झाकण लागले की खाचेची नळी बनते व बारीक तार मोकळी सरकते. ‘ॲक्टिव्ह’ प्रकारातली स्प्रिंग-क्लिप जाड तारेवर दाब देते; फिरलेला दात सरळ करताना त्याचा उपयोग होतो. पॅसिव्ह ब्रॅकेटमध्ये मुळाच्या कलावर ताबा मिळवायचा तर खाच भरून काढणारी जाड चौकोनी तार घालावी लागते, आणि तिथे घर्षणातला फायदा बराचसा ओसरतो.

न्यूयॉर्कच्या जेकब स्टोल्झेनबर्ग यांनी १९३५ च्या सुमारास अशी पहिली रचना मांडली. तीत तार स्क्रूने धरली जाई. कॅनडाचे हर्बर्ट हॅन्सन यांचा ‘स्पीड’ नावाचा ब्रॅकेट १९८० च्या सुमारास आला. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ड्वाइट डेमन यांच्या ब्रॅकेटने हा प्रकार जगभर पोचवला.

प्रयोगशाळेत घर्षण कमी दिसले, तरी रुग्णांवरील चाचण्यांत एकूण उपचार लवकर संपल्याचे किंवा दुखणे कमी झाल्याचे खात्रीने आढळलेले नाही. लवकर सुटका होईल एवढ्याच आशेने जादा पैसे मोजणे रास्त नाही. तार बदलताना मात्र खुर्चीवरचा वेळ थोडा वाचतो, कारण एकेक रिंग काढून पुन्हा बसवावी लागत नाही. दात नीट घासले नाहीत तर कीटण साचून झाकण अडकते.