ग्रीक-लॅटिन आज कशासाठी? एका अभ्यासाची पार्श्वभूमी

२०२१ साली अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांचे निर्णय थोड्याच दिवसांच्या अंतराने जाहीर झाले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने प्राचीन ग्रीस-रोमच्या अभ्यासाचा आपला स्वतंत्र विभाग बंद करायचं ठरवलं. प्रिन्स्टनने विभाग राखला, पण या विषयात पदवी घेणाऱ्याने ग्रीक किंवा लॅटिन शिकलंच पाहिजे ही अट काढून टाकली. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचं तिथलं मानाचं केंद्र, त्यामुळे पहिला निर्णय अनेकांच्या जिव्हारी लागला. एक पक्ष म्हणतो, ही विद्या गोऱ्या उच्चभ्रूंची मिरास होती, तिचं कौतुक पुरे झालं. दुसरा पक्ष ग्रीक महाकवी होमर, तत्त्वज्ञ प्लेटो, रोमन वक्ता सिसेरो यांच्या थोरवीचे दाखले देतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या अभ्यासाने दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट या वादात मागे पडते, असं मला वाटतं. ती म्हणजे जुना मजकूर तपासून घेण्याची रीत. ती इटलीत रुजली, जर्मनीत तिला शिस्त आली आणि विसाव्या शतकात ती पुण्याच्या भांडारकर संस्थेपर्यंत पोचली.

इ.स. १४४० मध्ये लोरेंझो व्हाला या लॅटिन पंडिताने एक जुनी सनद तपासायला घेतली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोम आणि साम्राज्याचा पश्चिम भाग पोपच्या हवाली केला, असं ती सांगत होती. पोपच्या राजकीय सत्तेसाठी तिचा आधार घेतला जाई. व्हालाने ती ओळीओळीने वाचली आणि प्रश्न विचारले. कॉन्स्टँटिनोपल हे शहर तेव्हा वसलेलंच नव्हतं, मग ख्रिस्ती धर्मपीठांच्या यादीत त्याचं नाव कसं आलं? रोमच्या दरबारी मंडळींत पूर्वेकडचे क्षत्रप, म्हणजे इराणी धाटणीचे प्रांताधिकारी, कुठून शिरले? लॅटिनचं वळण त्या शतकाचं का नाही? सनद बनावट होती, कित्येक शतकांनंतर कोणीतरी रचलेली. व्हाला ज्या राजाच्या पदरी होता त्या आल्फोन्सोचं पोपशी नेपल्सवरून भांडण चालू होतं, तेव्हा हे लिखाण धन्याच्या सोयीचं होतं यात शंका नाही. तरीही त्याचे पुरावे धन्याच्या मर्जीवर उभे नव्हते. ते कोणालाही ताडून पाहता येत होते, आणि म्हणूनच ते टिकले. पुढच्या शतकात हे पुस्तक जर्मनीत छापलं गेलं आणि १५२० मध्ये पोपच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या मार्टिन लूथरच्या हाती पडलं. आपल्याकडे एखादा ताम्रपट खरा की बनावट हे ठरवताना अभ्यासक लिपीचं वळण, तिथी-वाराचा मेळ, राजाची बिरुदं पाहतात. ते काम याच जातीचं आहे.

दुसरी अडचण याहून मोठी होती. ग्रीक आणि रोमन ग्रंथकारांच्या हातच्या प्रती उरलेल्या नाहीत. आहेत त्या नकलांच्या नकला, बिझँटियममधल्या (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) लेखनिकांनी आणि युरोपातल्या मठांतल्या साधूंनी उतरवलेल्या. गेलन या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांचा बराच भाग बगदादमधल्या अरबी भाषांतरांतून टिकून राहिला. नक्कल करताना ओळ गळते, शब्द बदलतो, समासातली टीप मजकुरात शिरते. १३४५ मध्ये पेट्रार्क या इटालियन कवीला व्हेरोनात सिसेरोची पत्रं सापडली. अशा शोधांनी जुने ग्रंथ हुडकण्याची ईर्ष्या वाढत गेली आणि एकाच ग्रंथाच्या चार प्रती हाती आल्या की चार वेगळे पाठही (एकाच जागची वेगवेगळी शब्दरूपं) हाती येऊ लागले. त्यातला खरा कोणता?

एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडितांनी याचं शास्त्र बसवलं. दोन प्रतींत एकच चमत्कारिक चूक असेल तर त्या दोन्ही एकाच पूर्वज प्रतीवरून आल्या असणार. असं चुकांवरून माग काढत प्रतींची वंशावळ मांडायची. एका पूर्वजाच्या दहा नकला असल्या तरी साक्ष एकाचीच धरायची, आणि वेगळ्या शाखेतली एकटी प्रत त्या दहांना भारी ठरू शकते. कार्ल लाखमान याने १८५० मध्ये लुक्रेशियस या रोमन कवीच्या काव्याची आवृत्ती या रीतीने काढली, ती आजही नमुना म्हणून शिकवली जाते.

इंग्लंडमध्ये याच काळात ग्रीक-लॅटिनचा दुसरा उपयोग चालला होता, तोही सांगायलाच हवा. १८५३ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्या स्पर्धा परीक्षेने भरायचं ठरलं. परीक्षेचा आराखडा मेकॉलेच्या समितीने तयार केला. ऑक्सफर्डचे ग्रीक पंडित बेंजामिन जोवेट हे तिच्या सदस्यांपैकी एक. त्या आराखड्यात ग्रीकला ७५० आणि लॅटिनला ७५० गुण होते, तर संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. ज्या देशावर राज्य करायचं त्याच्या विद्येला निम्मं मोल! परीक्षा व्हायची लंडनमध्ये. हिंदुस्थानी मुलाने समुद्र ओलांडून जायचं आणि इंग्लिश मुलं शाळेपासून घोकत आलेल्या भाषांत त्यांच्याशी टक्कर द्यायची. १८६९ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर ही परीक्षा उतरले, तो पराक्रमच होता. पुढे १८९० मध्ये अरविंद घोषांनी त्याच परीक्षेत ग्रीक-लॅटिनमध्ये उत्तम गुण मिळवले, पण घोडेस्वारीच्या चाचणीपाशी त्यांची वाट संपली आणि १८९३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले.

तेव्हा हॉवर्ड-प्रिन्स्टनच्या वादातल्या पहिल्या पक्षाचा राग निराधार नाही. या विद्येचं कुंपण केलं गेलं होतं, आणि ते आपल्याही वाटेत आलं होतं. ब्रिटनमध्ये ते हळूहळू मोडलं. केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये प्रवेशासाठीची ग्रीकची सक्ती उठवली. लॅटिनची सक्ती दोन्हीकडे १९६० च्या सुमारास गेली. सक्ती गेली म्हणून अभ्यास थांबला नाही. क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची 'लिनियर बी' लिपी १९५२ मध्ये उलगडली ती मायकल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने. विद्यापीठातली अभिजात भाषांची पदवी त्याच्याकडे नव्हती. त्या पाट्यांची भाषा ग्रीक निघाली आणि ग्रीकचा लेखी पुरावा होमरच्या कित्येक शतकं मागे गेला.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा भाग पुण्यात घडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांत तिने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली संहिता, हाती घेतली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. ते केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकलेले. ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घडलेली पाठचिकित्सा, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्याची वर सांगितलेली रीत, त्यांना नीट अवगत होती, आणि ती महाभारताला जशीच्या तशी लागू पडत नाही हेही त्यांनीच दाखवलं. आपले लेखनिक पुष्कळदा दोन-तीन पोथ्या समोर ठेवून लिहीत, त्यामुळे शाखा एकमेकींत मिसळल्या होत्या आणि काटेकोर वंशावळ मांडता येत नव्हती. मग त्यांनी वेगळी कसोटी लावली. काश्मिरातल्या शारदा लिपीतल्या पोथ्या आणि दूर दक्षिणेतल्या पोथ्या जिथे एकमुखाने बोलतात तो मजकूर जुना. बाकीचा तळटीपांत किंवा परिशिष्टात. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं तेव्हा व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथा संहितेत नव्हती, परिशिष्टात होती. गणपतीवर जीव असलेल्या गावात, पोथ्यांची साक्ष प्रमाण मानून हा निर्णय घेतला गेला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली.

या अभ्यासाची गरज आपल्याला आणखी एका कारणाने आहे. सातवाहनकाळच्या महाराष्ट्राविषयी एक महत्त्वाची साक्ष ग्रीक भाषेत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तेर यांची नावं आहेत, तिथून गाड्यांनी भडोचला उतरणाऱ्या मालाचं वर्णन आहे, सोपारा आणि कल्याणही आहेत. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो सांगतो. क्षत्रप (इथे पश्चिम भारतातलं शक राजघराणं) आणि सातवाहन यांच्या चुरशीची ती खूण मानतात. पण हा ग्रंथ मुख्यतः जर्मनीत हायडेलबर्गमधल्या दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितावर टिकून आहे, आणि त्यात इकडच्या राजांची नावं बिघडलेल्या रूपात येतात. भडोचचा राजा म्हणजे क्षहरात कुळातला क्षत्रप नहपान असं बहुतेक अभ्यासक धरतात. कल्याणच्या संदर्भात आलेले 'सारागनोस' आणि 'सान्दानेस' कोण, यावर अजून मतभेद आहेत.

नहपानाबद्दल दुसरा पुरावा नाशिकच्या मातीतून निघाला. १९०६ मध्ये जोगळटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या नाण्यांवर त्याचं नाव ब्राह्मी आणि खरोष्ठी या लिप्यांबरोबर ग्रीक अक्षरांतही आहे. नाशिकच्या लेण्यांत त्याचा जावई उषवदात याचे प्राकृत लेख आहेत. ही नाणी, हे लेख आणि हायडेलबर्गचं हस्तलिखित शेजारी ठेवून मुळातून वाचू शकणारे अभ्यासक आपल्याला हवेत. ज्यांच्याकडे प्राकृत शिकवलं जातं अशा आपल्या विद्यापीठांनी त्याच विद्यार्थ्यांसाठी ग्रीकचा दोन वर्षांचा वर्ग काढला, तर पेरिप्लसमधल्या राजांच्या नावांचा निवाडा करणारा माणूस पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात तयार होऊ शकेल.