पाठवणाऱ्याचं घड्याळ, घेणाऱ्याच्या घरी

डिजिटल टीव्हीत पाठवणारं आणि घेणारं यंत्र आपापल्या क्वार्ट्झ क्रिस्टलच्या ठोक्यांवर वेळ मोजतं, आणि दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत एका चालीनं चालत नाहीत. समजा डिकोडरचा (चित्र उलगडणाऱ्या घरच्या संचाचा) क्रिस्टल एन्कोडरच्या (चित्र दाबून पाठवणाऱ्या यंत्राच्या) मानानं दहा लाखांत ३० भाग मागे पडतो. ऐकायला हे नगण्य वाटतं. पण सेकंदाला २५ फ्रेम येत असतील, तर साधारण २२ मिनिटांत एक अख्खी फ्रेम बफरमध्ये, म्हणजे संचातल्या तात्पुरत्या साठ्यात, जास्तीची साठते आणि दिवसभरात अडीच सेकंदांहून अधिक चित्र तुंबतं. बफर भरला की चित्र उडी मारतं. साठवलेली फाइल पाहताना हा प्रश्नच नसतो, कारण तिथे प्लेअर आपल्या गतीनं डेटा ओढून घेतो. प्रक्षेपणात मात्र ‘जरा थांब’ असं सांगायची सोयच नाही.

जुन्या अॅनालॉग टीव्हीला हे दुखणं नव्हतं, कारण घड्याळ सिग्नलच्या पोटातच असायचं. ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेषा येत आणि प्रत्येक रेषेआधी एक सिंक स्पंद, म्हणजे वेळेची खूण, येई. रंगासाठी त्यामागोमाग कलर बर्स्ट नावाची छोटी लहरही असे. संचातला ऑसिलेटर (ठोके देणारं सर्किट) या खुणांना बांधून ठेवायचं काम फेज-लॉक्ड लूप, म्हणजे फरक मोजून चाल सतत जुळवत राहणारं सर्किट, करी. ही कल्पना फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यांनी रेडिओच्या संदर्भात १९३२ मध्येच मांडली होती.

कॉम्प्रेशननं, म्हणजे डेटा दाबून लहान करण्यानं, हा आधार काढून घेतला. एक फ्रेम भली मोठी, पुढची तिच्या काही अंशाएवढी; मग फ्रेम कधी पोहोचली यावरून ती कधी दाखवायची हे कळणार कसं? १९८८ मध्ये सुरू झालेल्या, अशा कॉम्प्रेशनची मानकं ठरवणाऱ्या एमपेग गटानं याला दिलेलं उत्तर मला आजही फार देखणं वाटतं: वेळच आकड्याच्या रूपात पाठवायची. १९९३ च्या एमपेग-१ मध्ये ९० किलोहर्ट्झचं घड्याळ धरलं गेलं. ९०,००० ला २४, २५ आणि ३० या तिन्हींनी नि:शेष भाग जातो. एवढंच काय, २९.९७ च्या अडनिड्या फ्रेमदरालाही प्रत्येक फ्रेमला बरोबर ३,००३ ठोके येतात.

एमपेग-२ ला प्रक्षेपणही सांभाळायचं होतं, म्हणून तिथे घड्याळ २७ मेगाहर्ट्झचं झालं. १९८२ च्या डिजिटल स्टुडिओ शिफारशीत ठरलेल्या १३.५ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगची (चित्राचे नमुने घेण्याच्या दराची) ही दुप्पट. या घड्याळाचं वाचन पीसीआर (प्रोग्राम क्लॉक रेफरन्स) या नावानं जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांच्या अंतरानं प्रवाहात घातलं जातं. डिकोडर पहिल्या वाचनावर आपला काउंटर लावतो. पुढचं प्रत्येक वाचन आलं की फरक काढतो, तो फिल्टरमधून गाळतो आणि त्यातून मिळालेल्या व्होल्टेजनं आपल्या क्रिस्टलला किंचित पुढे किंवा मागे ओढतो. म्हणजे १९३२ चाच लूप, फक्त स्पंदाच्या जागी आकडा आला.

पीसीआरचा मुख्य भाग ३३ बिटांचा असतो आणि ९० किलोहर्ट्झनं मोजत साधारण साडेसव्वीस तासांनी तो पुन्हा शून्यावर येतो. हा क्षण विसरून लिहिलेला डिकोडर चाचणीत तासन्‌तास छान चालतो आणि दुसऱ्या दिवशी अडखळतो. चाचणी किमान दोन दिवस चालवावी असं मी आग्रहानं सांगतो ते यामुळेच.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती: वाटेतला उशीर स्थिर राहील. इंटरनेटसारख्या पॅकेट नेटवर्कवर तो राहत नाही. १९९६ मध्ये आलेल्या आरटीपीत, म्हणजे अशा नेटवर्कवरून चित्र-ध्वनी पाठवायच्या पद्धतीत, ध्वनी आणि चित्र वेगवेगळ्या प्रवाहांतून, आपापल्या घड्याळानं येतात. पाठवणारा अधूनमधून त्या दोन्हींचं नातं एका सामाईक वेळेशी जोडून कळवतो. संगणकावरचे प्लेअर बहुधा ध्वनीच्या घड्याळाला प्रमाण मानतात आणि चित्राला त्याच्यामागे चालवतात. एखादी फ्रेम दोनदा दाखवली तर डोळा चालवून घेतो, कानाला मात्र आवाजातला बारीकसा खंडही लगेच टोचतो.

ओठ आणि आवाज यांत किती अंतर जाणवतं याचे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत आहेत. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की खटकतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. प्रकाशामागून येणारा आवाज आपण रोजच ऐकतो, त्यामुळे उशीर अंगवळणी पडलेला असतो.

स्टुडिओत आता वेळ सिग्नलपासून पूर्ण सुटी झाली आहे. पीटीपी हे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायचं मानक २००२ चं. २०१५ मध्ये त्याला चित्र-ध्वनीच्या कामासाठी नेमके नियम मिळाले. तिथे प्रत्येक यंत्र नेटवर्कवरून एकाच मुख्य घड्याळाशी जुळतं, आणि त्यासाठी ते त्या घड्याळाशी निरोपांची देवाणघेवाण करून वाटेतला उशीर मोजतं. उपग्रहावरून चित्र घेणाऱ्या घरच्या संचाला उलटा निरोप धाडायला वाटच नाही. तो आजही पुढच्या पीसीआरची वाट पाहतो आणि आपला क्रिस्टल तेवढा सरकवतो.