पार्श्वभूमी : ‘युटिलिटी’ला मराठीत एक नाव का नाही

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या बाजूला नव्या फ्लॅटच्या जाहिरातीत हॉल, किचन, दोन बेडरूम यांच्यापुढे ‘युटिलिटी’ असं लिहिलेलं असतं. नात्यातल्यांचा असाच एक फ्लॅट बघायला गेलो होतो. किचनमागची चिंचोळी जागा, एक नळ आणि मशीनचा पॉइंट पाहून आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे मोरीच की!” त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्याच घरात बारावीतल्या भाचीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘उपयोगिता’ आहे आणि कायद्याच्या मराठीत ‘लोकोपयोगी सेवा’ आहे. मूळ शब्द तिन्हीकडे एकच. पण मराठीनं तो एकदाच ठरवून घेतला नाही. ज्याला जेव्हा गरज पडली, त्यानं तेव्हा आपल्यापुरता उचलला.

मूळ लॅटिन शब्द ‘उतिलितास’, म्हणजे वापराला येण्याचा गुण. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात इमारतीकडून मजबुती, उपयोग आणि सौंदर्य अशा तीन गोष्टी मागितल्या, त्यातली मधली हीच. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत गेला. 1789 मध्ये इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमनं त्यावर नीतीचा अख्खा डोलारा उभा केला : जास्तीत जास्त लोकांचं सुख वाढवील ते योग्य. त्याच्या विचारांचा वारसदार जॉन स्टुअर्ट मिल 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. मिल वाचूनच आगरकरांची पिढी घडली आणि मराठीत ‘उपयुक्ततावाद’ रुळला.

हे झालं पुण्याकडचं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1918 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं आणि उर्दू अर्थशास्त्रात युटिलिटीला शब्द आहे ‘इफादा’. त्याचा आपल्या ‘फायदा’शी धातू एकच. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. ज्या घरात आजोबा उस्मानियात शिकले, तिथे आजोबांचा इफादा आणि नातीची उपयोगिता एकच, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

आता ही उपयोगिता म्हणजे काय? अर्थशास्त्राचा जनक म्हणतात त्या ॲडम स्मिथला 1776 मध्ये एक कोडं पडलं होतं. पाण्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, तरी त्याच्या बदल्यात फारसं काही मिळत नाही; हिऱ्याचा उपयोग जवळजवळ शून्य, पण मोल अफाट. 1871 मध्ये इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर या अर्थतज्ज्ञांनी, एकमेकांना न विचारता, उत्तर काढलं. 1874 मध्ये वालरास हा तिसरा अर्थतज्ज्ञही तिथेच पोचला. किंमत एकूण उपयोगावर ठरत नाही, शेवटच्या घागरीच्या उपयोगावर ठरते. पहिली घागर पिण्याची, दुसरी स्वयंपाकाची, पुढची अंघोळीची, मग धुण्याची, आणि उरलीच तर अंगणात सड्याची. सड्याच्या घागरीला कोण पैसे देईल?

पुस्तकात हे आलेखाच्या उतरत्या रेषेनं शिकवतात. लातूरला आलेखाची गरज पडली नाही. 2016 च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेच्या 10 वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं. सड्याची, धुण्याची, अंघोळीची घागर आधीच गेली होती. शेवटची घागर पिण्याचीच उरली की पाण्याचाच हिरा होतो.

कायद्यातली गोष्ट वेगळी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं रेल्वे, टपाल, वीज, पाणी, सफाई अशा कामांना ‘लोकोपयोगी सेवा’ म्हटलं आणि तिथे नोटीस न देता संपाला मनाई केली. 2002 मध्ये अशाच सेवांच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी लोकअदालतीची तरतूद झाली. त्यात दवाखाने आणि विमाही आले. हा मराठी शब्द मला थोडा फसवा वाटतो. लोकोपयोगी म्हटलं की आपल्याला धर्मशाळा, पाणपोई, बारव आठवते, म्हणजे कुणीतरी पुण्य म्हणून केलेलं काम. कायद्याला अभिप्रेत आहे ती बिल भरून घेतलेली, पण बंद पडली तर गाव अडेल अशी सेवा.

तशी सेवा आपल्याकडे शब्दाच्या बरीच आधी होती. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. पुढे पाणचक्कीसाठी वेगळी नहर आली. तिच्या पाण्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्यांचं पीठ दळून निघायचं.

गाड्यांतली युटिलिटी ऑस्ट्रेलियातून आली. रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजाराला नेईल अशी गाडी द्या, असं एका शेतकऱ्याच्या बायकोनं कंपनीला लिहिलं आणि त्यातून 1934 मध्ये फोर्डची ‘कूपे युटिलिटी’ निघाली, असं सांगतात. आपल्या काळ्या-पिवळ्या जीपला हे कुणी शिकवावं लागलं नाही. सकाळी वऱ्हाड, दुपारी आठवडी बाजार, टपावर कांद्याची पोती. कॉम्प्युटरवाल्यांनी सफाई-दुरुस्तीच्या छोट्या प्रोग्रामना हेच नाव दिलं. त्याला मराठी शब्द कुणी शोधला नाही आणि कुणाचं अडलंही नाही.

खेड्यात मात्र अजून ‘उपेग’ आहे. मोटार जळाली, विहिरीला पाणी आहे, “पर काय उपेग?” एवढ्यात बेंथमही आला आणि जेव्हन्सही.

त्या फ्लॅटच्या युटिलिटीत मशीन अजून आलेलं नाही. तिथे दोन निळे ड्रम ठेवलेत, नळाच्या वारी भरायला.