डकटेलवरचा आक्षेप: पोर्शे ९११ च्या शेपटीमागचा इतिहास

रेसिंगवाल्यांना मागच्या स्पॉयलरचा, म्हणजे शेपटीवरून सुटणारी हवा वळवणाऱ्या पट्टीचा, फायदा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कळला होता. १९६२ च्या फेरारी २५० जीटीओच्या शेपटीवर तशी उभी पट्टी होती. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उंच पंख आले. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाच्या मॉन्जुइक ट्रॅकवर ते मोडून एकाच संघाच्या दोन्ही गाड्या आपटल्या आणि त्यानंतर लगेच मोनॅकोत त्यांच्यावर बंदी आली. शोरूममधून विकत घ्यायच्या गाडीवर असे काही लावावे का, हा प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने १९७२ मध्ये उभा राहिला.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये पोर्शेची ९११ कॅरेरा आरएस २.७ मांडली गेली. शर्यतीची पात्रता मिळवायला अशा ५०० गाड्या बनवणे भाग होते. त्या विकल्या जातील का, अशी धास्ती विक्री विभागाला होती, पण काही आठवड्यांतच त्या संपल्या आणि अखेरीस दीड हजारांहून जास्त बनल्या. इंजिनाच्या झाकणावरची फायबरग्लासची वर वळलेली शेपटी म्हणजेच डकटेल.

तिची गरज ९११ च्या घडणीतच होती. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि छत सरळ उतरत शेपटीपर्यंत गेलेले. त्या उतारावरून हवा वेगाने सरकते, तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर ओढला जातो. भर वेगात वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाके पकड सोडणार, ही भीती त्यामुळे आणखी वाढते. डकटेलमुळे हवा आधीच्या उतारावरून खाली न घसरता वरच्या बाजूने सुटू लागली. नेहमी दिला जाणारा आकडा असा, की ताशी २४५ किमी वेगाला मागची उचल सुमारे १४५ किलोवरून ४२ किलोवर आली. म्हणजे डकटेल गाडीला खाली दाबत नव्हती. उचल उरलीच होती, फक्त बरीच कमी झाली होती. ‘स्पॉयलरने गाडी रस्त्याला चिकटते’ हे आजही सर्रास सांगितले जाते, म्हणून हा फरक ठासून सांगायला हवा. शिवाय हवेचा रोध वाढण्याऐवजी किंचित घटला आणि कमाल वेग ताशी चार-साडेचार किमीने वाढला.

जर्मन वाहन-मंजुरी यंत्रणेचा आक्षेप मात्र एरोडायनॅमिक्सवर नव्हता. तिचे म्हणणे असे, की मागे आलेली ही कडक धार पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला जखमी करू शकते. काळजी खोटी नव्हती. पण भर वेगात मागून सुटणारी गाडी आतल्या माणसाइतकीच बाहेरच्यालाही घातक असते, आणि त्या वादात ही बाजू फार हलकी तोलली गेली, असे मला वाटते. याच वातावरणात १९७३ ची बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल आली. तिचा मोठा मागचा पंख जर्मन रस्त्यांवर बेकायदा ठरत होता, म्हणून तो डिकीत ठेवून गाडी ग्राहकाच्या हाती दिली जाई. बसवायचे काम त्याचे. नियम पाळला गेला आणि सुरक्षितता तिथेच राहिली. त्याच पंखानिशी सीएसएलने त्या वर्षी युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकली. अमेरिकेत मात्र १९७४ च्या कॅरेरालाही डकटेल मिळत होती. एकाच शेपटीचा धोका देशागणिक बदलत होता.

जर्मनीत यावर उपाय निघाला तो रबराचा. १९७४-७५ पासून ‘व्हेल टेल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या रुंद, सपाट शेपटीच्या कडा मऊ रबराने मढवल्या गेल्या. ९११ टर्बोची ओळख बनलेली ती काळी किनार शोभेसाठी आलेली नाही. १९७८ च्या ३.३ लिटर टर्बोत त्याच जागी इंटरकूलर (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणारा भाग) बसला, आणि उभ्या कडांच्या त्या शेपटीला लोक ‘टी ट्रे’ म्हणू लागले.

१९८९ च्या, ९६४ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ९११ च्या पिढीने वाद जवळपास मिटवला: स्पॉयलर विजेवर चालणारा, ताशी ८० किमीला आपोआप वर येणारा आणि गाडी थांबत आली की झाकणात परत बसणारा. दहा वर्षांनी ऑडी टीटीच्या बाबतीत चक्र उलट फिरले. स्वच्छ गोल शेपटीच्या या गाडीचे जर्मनीत भर वेगात जीवघेणे अपघात झाले, तेव्हा १९९९-२००० मध्ये विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना सस्पेन्शनमधील बदल आणि स्थिरता-नियंत्रणाबरोबर मागे छोटा स्पॉयलर बसवण्यात आला.