वीजनिर्मिती आणि जलप्रदूषण, कोकण किनाऱ्यावरील

वीज तयार करताना नदी, खाडी आणि किनाऱ्याच्या पाण्यात होणारे भौतिक, रासायनिक व जैविक बदल या नोंदीत घेतले आहेत. जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या (१९७४) व्याख्येत पाण्याच्या गुणधर्मांतला अपायकारक बदलही प्रदूषणात मोडतो. म्हणजे पाण्यात विषारी द्रव्य मिसळलेच पाहिजे असे नाही. पाणी तापले किंवा त्याचा खारेपणा बिघडला, तरी ते दूषित ठरू शकते. कोकणात हा मुद्दा कळीचा आहे. सह्याद्री आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात भिरा व पोफळीची जलविद्युत, डहाणू व जयगडची कोळशाची, उरण व अंजनवेलची वायूची आणि तारापूरची अणुवीज अशी सगळ्या प्रकारची केंद्रे आहेत. त्यांतून निघणारे पाणी बहुतेक वेळा नितळ दिसते. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

तापलेले पाणी. कोळशाच्या केंद्रात इंधनातल्या उष्णतेपैकी जेमतेम ३८ टक्क्यांची वीज होते. थोडी उष्णता धुराड्यातून जाते आणि उरलेली, म्हणजे वीज होते त्याहूनही जास्त, कंडेन्सरमधून (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागातून) थंडाव्याच्या पाण्यात उतरते. समुद्राचे पाणी एकदाच फिरवून परत सोडले आणि ते ७ अंश सेल्सिअसने तापू दिले, तर एका युनिटमागे साधारण १७० लिटर पाणी लागते. अणुकेंद्राची कार्यक्षमता कमी आणि धुराडे नाही, त्यामुळे तिथे हाच आकडा २५० लिटरच्या आसपास जातो. संयुक्त चक्राच्या, म्हणजे वायूच्या टर्बाइनमधून उरलेल्या उष्णतेवर वाफेचीही वीज करणाऱ्या, वायुकेंद्रात तो १०० लिटरपर्यंत उतरतो. राजापूर तालुक्यात माडबन येथे प्रस्तावित असलेल्या ९,९०० मेगावॉटच्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाला अणुकेंद्राचा हाच हिशेब लावला, तर सेकंदाला ६०० घनमीटरहून अधिक पाणी तापून समुद्रात जाईल. तिथल्या मच्छीमारांची भीती अज्ञानातून आलेली नाही, ती याच प्रमाणाशी निगडित आहे.

१९९९ नंतरच्या, समुद्राचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांना सोडलेले पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून अधिक गरम नसावे, अशी मर्यादा आहे. पण मे महिन्यात किनाऱ्याचे पाणी आधीच ३० अंशांजवळ असते. ३० अंशांच्या समुद्रजलात लिटरमागे सुमारे ६.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो ५.८ च्या आसपास येतो. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. फिरता मासा बाजूला सरकतो. खडकाला चिकटलेल्या कालवाला आणि चिखलातल्या तिसरीला ती सोय नाही.

गरम पाणी हलके असल्याने वरच्या थरात पसरते. ओहोटीला ते बाहेर जाते आणि भरतीला त्यातले बरेचसे परत आत येते. मुंबईकडे उधाणाची भरती-ओहोटी ४ ते ५ मीटरची असते, दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे ती जवळपास निम्मी होते. तेवढेच गरम पाणी दक्षिणेच्या खाडीत सोडले तर ते जास्त काळ रेंगाळते, आणि भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत आणखी जास्त.

उष्णतेच्या जोडीला क्लोरीन येतो. नळांत शिंपले आणि बार्नॅकल धरू नयेत म्हणून तो सोडावाच लागतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असल्याने क्लोरीनपासून ब्रोमीनची संयुगे बनतात, आणि अंडी व पिलांना तीही घातक असतात. आत ओढल्या गेलेल्या अंड्यांना उष्णता, दाब आणि क्लोरीन असा तिहेरी मार बसतो. पाणी ओढण्याचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आत ठेवला तर बरेच मासे जाळीवरून सुटतात, पण अंडी सुटत नाहीत.

अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेचे ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवू दिले. सेकंदाला सरासरी सुमारे ६० घनमीटर भरणारे हे पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत आणि पुढे दाभोळच्या खाडीत उतरते. इतर खाड्या उन्हाळ्यात वरपर्यंत खारट होतात, तेव्हा इथे गोडे पाणी वाहते. चिपळूणच्या परिसराला त्याचा आधार आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र सह्याद्रीपलीकडून आलेले हे पाणी खाडीची घडी बदलते. विजेची मागणी वाढली की संच चालतात, उतरली की थांबतात. पाण्याची पातळी आणि खारेपणा काही तासांत वरखाली होतो, काठाचा गाळ हलतो. ठरलेला कोटा आणि निर्मितीचे वर्ष (१ जून ते ३१ मे) संपत आले की अवजल घटते आणि खारे पाणी वर चढते. खालच्या अंगाला औद्योगिक सांडपाणीही येत असल्याने संच बंद असताना ते पुरेसे पातळ होत नाही. मुळशीचे पाणी भिऱ्यावरून कुंडलिकेत येते; तिथेही हाच प्रकार लहान प्रमाणात आढळतो.

कोळसा आणि राख. देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, आयात कोळशात बरीच कमी. राख पाण्यात कालवून तलावात साठवतात. कोकणात ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एक हेक्टर तलावात एका पावसाळ्यात ३०,००० घनमीटर पाणी नुसते आभाळातून येते. सांडव्याचा हिशेब याच आकड्यावर करायला हवा. तळाचे अस्तर फाटले तर जांभ्याच्या छिद्रांतून पाणी झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरावर थांबते आणि सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) पायथ्याला झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येते. आर्सेनिक, सेलेनियम आणि बोरॉन त्याच्यासोबत येतात. त्यामुळे निरीक्षण विहिरी तलावाशेजारी तर हव्यातच, पायथ्यालाही हव्यात.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्रात २००७ पासून धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुतला जातो. समुद्रजलातील बायकार्बोनेट आम्ल मारते, आणि हवा फुंकून सल्फाइटचे सल्फेट करतात. समुद्रात सल्फेट आधीच लिटरला २.७ ग्रॅमच्या आसपास असल्याने ही भर नगण्य ठरते. हवा कमी पडली, तर मात्र आम्लधर्मी आणि प्राणवायू खाणारे पाणी बाहेर पडते. यंत्रणेत सर्वांत जास्त लक्ष पंख्यांवर ठेवायचे ते यासाठी.

तेल. हे वीजकेंद्रांतून येत नाही, पण याच किनाऱ्याच्या पाण्यात मिसळते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले आणि उरण-अलिबागकडच्या तिवरांपर्यंत पोहोचले. तेलाने तिवरांची श्वसनमुळे बुजतात. ती साफ करायला माणसे चिखलात उतरवली, तर तेल खोल तुडवले जाऊन वर्षानुवर्षे राहते. पृष्ठभागावरचे तेल होडीतून शोषक पट्ट्यांनी उचलणे बरे. बंदरांत होड्यांच्या तळाचे डिझेलमिश्रित पाणी समुद्रात उपसले जाते, ते रोजचेच.

सौरऊर्जेला पाणी फक्त तावदाने धुण्यापुरते लागते, पण सडा सपाट केला तर पावसाळी डबकी आणि त्यांतली वनस्पती नाहीशी होते.

मापन. पाइपाच्या तोंडाशी घेतलेल्या एका नमुन्यावरून खाडीचे खरे चित्र कळत नाही. उधाण आणि भांग, भरती आणि ओहोटी अशा चारही वेळा पृष्ठभाग, एक मीटर आणि तळ या तीन खोलींवर तापमान व खारेपणा नोंदवावा. तुलनेचे ठिकाण भरतीबरोबर परत येणारे गरम पाणी पोहोचणार नाही इतके दूर असावे. प्राणवायूचा नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा; दुपारी शेवाळामुळे आकडा फुगतो. ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता भरून मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड होडीतच घालावे. बाटली तशीच प्रयोगशाळेत नेली, तर वाटेतच जिवाणू प्राणवायू वापरून टाकतात. साका तपकिरी आला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर तो जवळजवळ संपलेला आहे.