नाक तेच, अंतर वेगळं: चेहऱ्याच्या सर्जरीतले फोटो, फिल्म ते डिजिटल

फोटो काढताना डोकं कसं धरायचं, हा दंडक जुना आहे. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. 1884 मध्ये फ्रँकफुर्टला कवट्या मोजणाऱ्यांनी ती रेषा पक्की केली, पुढे सर्जननी उचलली. फिल्म की डिजिटल हा वाद मात्र साधारण 1999 ते 2005 मधला.

तोवर 35 मिमी फिल्मचा एसएलआर (लेन्समधूनच थेट पाहता येणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), 105 मिमीची मॅक्रो म्हणजे जवळून टिपणारी लेन्स आणि स्लाइड फिल्म, एवढ्यावर भागत होतं. स्लाइडचं ई-6 रसायन साध्या रंगीत रोलपेक्षा वेगळं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या लॅबचा उपयोग नसे. स्लाइड धुऊन येईपर्यंत ऑपरेशन उरकलेलं, आणि ‘आधी’च्या फोटोत पेशंटने डोळे मिटलेले असले तर ते नाक पुन्हा मिळणार नसे. शिवाय गोव्याचा पावसाळा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवूनही स्लाइडवर बुरशीची जाळी धरायची.

1999 मध्ये निकॉनचा डी1 हा डिजिटल कॅमेरा आला, 2.7 मेगापिक्सेलचा. 2003 मध्ये सहा मेगापिक्सेलचा कॅनन 300डी बऱ्याच जणांच्या खिशाला परवडू लागला. फिल्मवाले तेव्हा बारकाव्यावरून भांडत. ते भांडण पोकळच होतं; नाकाची ठेवण दाखवायला तीन मेगापिक्सेल पुरतात.

गोची झाली ती अंतराची. फिल्मच्या काळात लेन्सवरची खूण 1:10 वर, म्हणजे चेहरा फिल्मवर दहापट लहान उमटेल अशी, लावायची आणि फोकसची रिंग न फिरवता आपणच पुढे-मागे सरकून चेहरा स्पष्ट करायचा. त्यामुळे कॅमेरा दर वेळी सव्वा मीटरच्या आसपासच येई. त्या वेळच्या परवडणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा तुकडा, मात्र 35 मिमीच्या चौकटीपेक्षा लहान. त्याच खुणेवर कान आणि हनुवटी फोटोच्या चौकटीबाहेर जात. मग कोणी 105 चीच लेन्स ठेवून पावणेदोन मीटरपर्यंत मागे सरकलं, कोणी 60 ची घेऊन मीटरभरावर आलं. दोघांचीही चौकट बरोबर भरली. पण जवळून नाक फुगतं, लांबून चेहरा चपटा होतो. दोष लेन्सच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात हा सगळा अंतराचा खेळ आहे. ‘आधी’ स्लाइडवर आणि ‘नंतर’ डिजिटलवर असलेल्या त्या काळच्या जोड्यांत नाक किती सर्जनने लहान केलं आणि किती कॅमेऱ्याने, हे सांगणं कठीण. व्याख्यानांतून त्या बिनदिक्कत दाखवल्या गेल्या.

फोनने ही चूक घरोघरी नेली. 2018 मधल्या एका अभ्यासाचं गणित असं की दीड मीटरच्या तुलनेत 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. आज पेशंट तोच सेल्फी दाखवून नाक लहान करून मागतात.

राहिला कोर्टातल्या पुराव्याचा मुद्दा. ‘स्लाइडमध्ये फेरफार होत नाही’ हा फिल्मवाल्यांचा शेवटचा आधार. फ्लॅश थोडा वर-खाली केला की स्लाइडवरही सुरकुती गायब होते, हे ते सांगत नसत. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल नोंदीला पुराव्यात स्थान दिलं. मूळ यंत्र किंवा कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कोर्टात हजर करत नसाल तर त्या नोंदीबद्दलचं प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने पक्कं केलं. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या पुरावा कायद्यात त्या प्रमाणपत्रावर फाइलचा हॅशही, म्हणजे फाइलवरून काढलेला, ती जराही बदलली की बदलणारा आकडा, लिहावा लागतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल वाटेत दाबली जाते, त्यामुळे तिचा हॅश कार्डावरच्या मूळ फाइलशी जुळत नाही.